गजऱ्याचा डोस

गोळीनं माणूस उधळा होतो, हे ऐकलंयत का कधी? आमच्या बाबांचं झालं ना! संध्याकाळ झाली की त्यांच्या पायांत अशी वळवळ सुटायची की बसवायचं नाही, सारखे पाय हलवत राहायचे. कर्जतच्या डॉक्टरांनी गोळी दिली. पाय शांत झाले, पण बाबा पळसदरीहून रोज कर्जतच्या बाजारात जायला लागले. घरात कुकर असताना दुसरा आणला, मग मिक्सर, मग सगळ्यांना छत्र्या. आणि आईला रोज गजरा! उभ्या संसारात या माणसानं तिला एक फूल आणलं नव्हतं.

आई घाबरली. तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काहींना या गोळीनं खरेदीचा सोस लागतो. डोस हळूहळू उतरवू. आपल्या मनानं बंद मात्र करू नका."

डोस उतरला, तशी खरेदी थांबली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "आता काही त्रास?"

आई खाली बघत म्हणाली, "तरास नाय. पण गजरा अजून येतोय."

"मग डोस आणखी कमी करू?"

"नको, नको! तेवढा ऱ्हाऊ द्या, डॉक्टर."

शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "त्याला गोळी लागत नाय गं."