जनाना दरवाजा

अंबाजोगाईच्या जुन्या थेटराची डागडुजी झाल्यावर आज पहिलंच नाटक होतं. वनमाला रांगेत उभी होती. तिच्या पुढं चाकाच्या खुर्चीत एक म्हातारबा आणि खुर्ची ढकलणारी त्यांची बायको. दारावरच्या माणसानं त्यांना अडवलं.

"काका, हितं पायऱ्या हायेत. तुमी मागच्या जनाना दरवाजानं जा. तिथं पायरीच न्हाई."

"कावून न्हाई?"

"निजामाच्या काळात पडद्यातल्या बायकांची दमणी, म्हंजी झाकलेली बैलगाडी, थेट दारातनं आत जायची."

"मग माझ्यासाठी नवीन काय केलं?"

"पाटी लावली की. दिव्यांगांसाठी."

"नुसती पाटी? महानंदा, मला यात काळंबेरं दिसतंय."

"आवो, तुमाला सगळीकडंच दिसतंय. चांगलं दार हाय. माझी आजी तिथूनच यायची."

"समोरून कावून न्हाई यायची?"

"बाईमाणूस कुणाच्या नजरंला पडू नये म्हनून."

"हां. आन् मी?"

 महानंदाबाईंनी खुर्ची पायऱ्यांकडं वळवली आणि मागं वनमालाकडं बघितलं.

"बाई, एका बाजूनं धरता का जरा?"