मंगळवारचा क्लास

गेराल्डटनच्या दवाखान्यात मार्नी दुखरा खांदा घेऊन बसली होती. तिच्या पाठीमागच्या बाकावर एक जोडपं दबक्या आवाजात बोलत होतं.

"परत सांग. दंडाला काय झालं?"

"पोलच्या क्लासला लागलं."

"नीट सांग, टॅम्सिन. पोपटासारखं नको."

"व्यायाम म्हणून पोल डान्स करते. खांबाला दंड घासतो, मग काळानिळा पडतो."

"कुठला क्लास?"

"बेकरीच्या वरचा. गावात एकच आहे."

"आणि गळ्याचं विचारलं तर?"

"तेही पोलवरच... पण ग्रेग, गळ्यानं कुणी लटकतं का?"

"डॉक्टर काय पोलवर चढलाय कधी? स्कार्फ वर घे."

बेकरीच्या वरचा क्लास मार्नीच घ्यायची. सात वर्षांत तिच्या मांड्या, तिच्या गुडघ्यांच्या लवणी कितीदा काळ्यानिळ्या झाल्या होत्या. गळा एकदाही नाही. आणि टॅम्सिन नावाची कुणी तिच्या क्लासला कधी आलीच नव्हती. ती वळली.

"अगं टॅम्सिन! तू इथे कशी?"

"तुम्ही कोण?" ग्रेगनं विचारलं.

"मी मार्नी, हिची पोलची टीचर. म्हणजे काय, हिनं घरी माझं नावसुद्धा काढलं नाही?"

"काढलं ना! फार कौतुक करते तुमचं."

"मग मंगळवारी पाठवा हिला. मीच येते न्यायला."

"बघू. हात बरा झाला की."

टॅम्सिननं स्कार्फ काढून मांडीवर ठेवला.

"ग्रेग," ती म्हणाली, "आज मंगळवारच आहे."