अठ्ठेचाळीस पौर्णिमा कमी

जन्म, मरण आणि लग्न यांच्या तारखा वरती ठरतात, असं म्हणतात. परळच्या इस्पितळात माझ्या शेजारी केमोच्या नंबरची वाट पाहत बसलेल्या गंगाधरअप्पांच्या घरच्या तारखा मात्र सोबत आलेली त्यांची सून मोबाइलवर ठरवत होती.

"अप्पा, येत्या रविवारी दादरला हॉल घेतलाय. तुमचं सहस्रचंद्रदर्शन."

"सुनेत्रा, ते हजार पौर्णिमा पाहिल्यावर करतात, एक्क्याऐंशीला. मी सत्त्याहत्तरचा. अठ्ठेचाळीस पौर्णिमा कमी आहेत."

"मोजतंय कोण?"

"मी. काल स्कॅनच्या मशीनमध्ये दुसरं काम नव्हतं. आरोहीचा वाढदिवसही तुम्ही दोन महिने आधीच केलात."

"तुमच्या नातीची काही तक्रार नव्हती."

"म्हणजे मी जायच्या आत सगळं उरकून घ्यायचं ठरलंय."

"उरकायचं नाही हो अप्पा. तुम्ही असताना करायचंय. मागून करून काय मजा?"

"बरं. रविवारी रंगीत तालीम करा. खरं चार वर्षांनी करायचं."

"करू. हॉलवाल्याला आत्ताच सांगून ठेवते."

"डॉक्टरांनाही तारीख कळव. त्या हिशोबानं औषध देतील."

मग अप्पा माझ्याकडे वळले.

"तुमचा नंबर आमच्या आधी आहे ना? आम्हाला जरा पुढे सोडता का? माझ्याकडे वेळ कमी आहे हो."