ओल्या तुसाची भिंत

तूस ओलं आहे हे मी ओरडून सांगत होते, पण झाडलोट करणारीचं कोण ऐकतंय?

मालवणात मासळीसाठी थंड गुदाम व्हायचं होतं. भिंतीतून आत किती उष्णता शिरते ते बघायला मुंबईच्या साहेबाने आधी कपाटाएवढी खोली करून घेतली. आत बर्फ आणि थर्मामीटर, दुहेरी फळ्यांच्या मध्ये भाताचं तूस. काम माझ्या घोवाचं, नवऱ्याचं. त्याच्या सुतारकामाला पंचक्रोशीत कोणी नाव ठेवलं नव्हतं.

तूस आलं भर पावसात. घोव मुकादम दत्तूला म्हणाला, "आधी सुकव रे."

"सायबाक घाई आसा. भर गपचूप."

त्याने भरलं. पुढे श्रावणात तो तापाने गेला.

त्यानंतर आत बर्फ ठेवून मोजणी सुरू झाली. साहेबाचा हिशेब पहिल्याच दिवशी सांजेपर्यंत लागायला हवा होता. आठवडा झाला तरी पारा एका जागी ठरेना.

"बाई, तुम्हीच दार उघडत असणार," साहेब म्हणाला.

शेवटी फळी उचकटली. तुसात राहिलेले दाणे ओलीने रुजून पांढरे कोंब आले होते, आणि तूस आतून उबट लागत होतं.

"हे कोणी भरलं?"

मी दत्तूकडे बोट केलं. "माजो घोव सुकव म्हणत होतो, ह्या दत्तून ओलाच भरूक लावल्यान." तो माझ्या कानाशी आला. "वयनी, दोष त्येच्यार जाऊंदे. मेलेल्याची नोकरी कोण काढतलो? माजी पोरां लहान आसत."

"मेल्या, ह्याच सायबाक मोठ्यान सांग."

साहेब म्हणाला, "बायको नवऱ्याची बाजू घेणारच. नाव काय होतं त्याचं?"

आमच्यात बाई घोवाचं नाव घेत नाही. मी जन्मात घेतलं नव्हतं. माझे ओठ उघडेनात, तेव्हा दत्तूनेच मान खाली घालून सांगितलं, "बाबल्या सुतार."