लुमिरच्या जिन्याला लाल चिठ्ठी

अध्यक्षस्थानी असलेल्या आपल्या नगराध्यक्ष श्रीमती रोझमेरी झेलेनी, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि आता निवृत्त होणारे गावाचे इमारत तपासनीस श्री. लेनर्ड कुबिचेक, परवाना खात्यातले माझे सहकारी, आणि कोलाचे नावाचे गोड पाव गार व्हायच्या आत हे भाषण संपावं म्हणून वाट पाहणाऱ्या सज्जन स्त्री-पुरुषहो,

मी लेनर्ड यांच्या हाताखाली काम करणारी इंजिनिअर. स्तुती करायचा मला सराव नाही, जिने तपासायचा आहे. तेव्हा एका जिन्याबद्दलच बोलते.

पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर बसलेले एल्डन व्राना आणि त्यांच्या पत्नी आर्लिस यांची ही गोष्ट सांगायची मी कालच परवानगी घेतली. आर्लिसबाईंचे भाऊ लुमिर यांची घेतली नाही. ते देणार नव्हते.

एल्डन चालत होते तोवर त्यांच्या तळघराचा अरुंद जिना चालून गेला. मग व्हीलचेअर आली, आणि वादळाचा भोंगा झाला की त्यांना आसऱ्याला तळघरात खुर्चीसकट उचलून न्यायला तो पुरेना. लुमिरनी तो मोडून नवा केला. रुंद, कमी चढाचा, सुतारकाम देखणं. पण रुंद जिन्याला वरच्या जमिनीत मोठी मोकळी जागा लागते. त्यासाठी त्यांनी जमिनीखालच्या दोन तुळया कापल्या. कापलेली तोंडं एका आडव्या फळीला ठोकली, जिन्याचं वरचं टोकही त्याच फळीला, आणि ती फळी दोन्हीकडे नुसत्या खिळ्यांवर.

आम्ही तपासायला गेलो तेव्हा लुमिर पायरीवर उभे राहून उड्या मारत होते. "बघ, हलतोय का?"

"आज नाही हलणार," मी म्हणाले. "खिळे हळूहळू सुटतात. दोन माणसं, एल्डन आणि खुर्ची असं सगळं वजन एकदम आलं की फळी खाली येईल."

लुमिर माझ्याशी बोललेच नाहीत. "लेनर्ड, ही पोर आजवर किती जिन्यांवरून पडलीय रे?"

"एकाही नाही. म्हणून तर तिला ठेवलीय."

लेनर्ड यांनी खिशातून लाल चिठ्ठी काढली, स्वतः लिहिली, स्वतः चिकटवली. जिना बंद. शाळेपासूनच्या मित्रानं बांधलेल्या जिन्याला!

"अरे, एप्रिल चाललाय, वादळांचे दिवस," आर्लिसबाई म्हणाल्या. "भोंगा झाला तर यांना काय छपरावर नेऊन बसवू?"

नेब्रास्कात याहून खरा प्रश्न कोणता असतो? लेनर्ड माझ्याकडे वळले. "काय काय करता येईल, सांग."

मी सांगितलं. फळीखाली लोखंडी खांब लावला तर काम झटपट होईल, पण खांब नेमका खुर्ची वळते तिथे येईल. जिन्याखाली आधाराची भिंत घातली तर मजबुती उत्तम, पण वादळात जिन्याखाली बसायची जागा जाईल. किंवा तळघराचं छत उघडून फळी दुहेरी करायची, दोन्ही बाजूंच्या तुळया दुहेरी करायच्या, आणि प्रत्येक सांधा लोखंडी खोबणीत बसवायचा. त्यात काही अडत नाही, पण वेळ सर्वांत जास्त.

आम्ही एल्डन यांच्या डोक्यावरून बोलत होतो. लेनर्ड खुर्चीपाशी उकिडवे बसले. "खाली तुला बसायचंय. तू बोल."

"खांब नको. भिंतही नको. जिन्याखालच्या त्या कोपऱ्यातून मला खेळताना लुमिरच्या हातातले पत्ते दिसतात."

"मग दुसरा सुतार शोधा," म्हणून लुमिर निघून गेले. लेनर्डशी बोलणं बंद. लेनर्ड यांनी आर्लिसबाईंच्या हातात स्वतःच्या तळघराची किल्ली ठेवली. त्यांचं घर उतारावर आहे, मागच्या अंगणातून खुर्ची सरळ आत जाते.

त्याच आठवड्यात भरदुपारी भोंगा झाला. मी लेनर्डबरोबर त्यांच्या तळघरातच होते. दार उघडलं, एल्डन आत आले, आणि त्यांची खुर्ची ढकलत लुमिर, मागून आर्लिसबाई. बाहेर वारा घरं उपटायला निघाल्यासारखा, आणि आत लेनर्ड आणि लुमिर एकमेकांकडे पाठ करून. बघायला दुसरं काही नाही, म्हणून लुमिर वर जिन्याकडे बघू लागले. एकच फळी, नुसते खिळे.

"हा कुठल्या गाढवानं केला?"

"तू. माझ्या लग्नाच्या वर्षी."

"आणि पास कुणी केला?"

"मी."

आर्लिसबाई हसून हसून खाली बसल्या. लेनर्ड हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "चिठ्ठ्या आहेत ना जवळ? लाव."

मी लावली. लुमिरनी उठून ती फळी चाचपून पाहिली. वारा उतरल्यावर म्हणाले, "पोरी, फळी दुहेरी करायची म्हणजे नेमकी कशी?"

दोन्ही जिने त्यांनीच केले. आधी एल्डन यांचा, मग लेनर्ड यांचा. तोवर तपासनीस साहेब धुण्याची टोपली घेऊन अंगणातून फेरी मारून तळघरात जात. मी दोन्ही जिने तपासले. एकातही मला चूक काढता आली नाही.

नियम माहीत असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. ज्याच्या घरी जेवायचं त्यालाच 'नाही' म्हणणारा, आणि तेच 'नाही' स्वतःच्या घरावर लावून घेणारा मी एकच पाहिला. माझ्याकडून एवढीच स्तुती होईल. ती मोजून केलेली आहे.

सोमवारपासून चिठ्ठ्या माझ्याकडे येतील. लेनर्ड, निवांत बसायला तुम्ही लुमिरकडून मागच्या दारी लाकडी ओटा बांधून घेताय, असं कानावर आलंय. परवान्याचा अर्ज अजून पोचलेला नाही.

आयोजकांचे, ज्यांनी रांधलं त्यांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणं राहिलं असेल, तर तुम्ही सांभाळून घ्या. ओट्यात राहिलं, तर मी घेणार नाही.