सूप दादांना, पीस भावजींना

चिकनच्या दुकानात माझ्यापुढे एक वहिनी आणि त्यांचे दीर उभे होते. ऑपरेशन व्हायचं होतं वहिनींच्या नवऱ्याचं, पण महिनाभराच्या खुराकाचा फायदा झाला होता दिराला.

"चार किलो वाढलात, भावजी! आणि तुमच्या दादांचं प्रोटीन आहे तिथंच. डॉक्टरांनी ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं."

"यात माझं काय चुकलं, वहिनी? सूप सगळं दादालाच देता ना? मी आपला उरलेला चोथा खातो."

"चोथा?" दुकानदाराचा सुरा थांबला. "ताई, पीस यांना वाढता?"

"सगळी ताकद सुपात उतरते ना हो?"

"चव उतरते. प्रोटीन बहुतेक मांसातच राहतं. छातीच्या शंभर ग्रॅममध्ये वीस-बावीस ग्रॅम."

"अगबाई! मग महिनाभर बोलला का नाहीत?"

"मला काय माहीत, पेशंट नुसत्या पाण्यावर आहे ते!"

"दादाला चावत नाही, वहिनी. वाया जाण्यापेक्षा म्हटलं..."

"चावत नाही ना? भाऊ, छातीचा खिमा करा. मशीनमधून दोनदा काढा. मऊ शिजवून मी समोर बसून भरवीन. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचंय. या खेपेला ऑपरेशनची तारीख घेतल्याशिवाय मी दवाखान्यातून हलणार नाही."

"आणि मला?"

"तुम्हाला सूप. दादांनी महिना काढला त्यावर, तुम्ही पंधरा दिवस काढा."