काम चालू असेपर्यंत

—टकटक होय? नळवाला आहे हो, ताई. वरच्या मजल्यावरचा नळ तीन दिवस दुरुस्त करतोय, तोही कलावंतच म्हणायचा. तुम्ही बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, या स्टुलावर बसा. आणि ते चित्रांचं भेंडोळं ठेवा खाली, कोणी पळवत नाही—इथे दुसऱ्याचं काम फुकट दिलं तरी कोणी घेणार नाही. हां, तर ही किल्ली. सात नंबरची, वरच्याच मजल्यावरची. घ्या, हातात धरून बघा तरी. अर्ज करून चार वर्षं झाली ना तुम्हाला? मग धरा की. सही नंतर करू.

पूर्वी इथे बटणांचा कारखाना होता, मग संस्थेने कलावंतांसाठी खोल्या केल्या; अजून फरशीच्या फटींतून बटणं निघतात, तेव्हा अनवाणी चालू नका. खाली काम करायचं, शिडीने माळ्यावर चढून झोपायचं, उत्तरेला मोठी खिडकी, आणि भाडं बाहेरच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. त्यापायी माणसं काय काय करतात—पाच नंबरच्या चित्रकाराने शेजाऱ्याच्या कानशिलात रंग कालवायची पाटी घातली, जाड लाकडी. का? तर त्याने चादर वाळत घातली नि उजेड अडला. तीन टाके. एका कुंभारीणबाईंनी खोली सोडायच्या दिवशी आमच्या सचिवांवर ओल्या मातीचा गोळा फेकला, तो भिंतीवर बसला नि तिथेच वाळला, जाताना दाखवतो. स्वस्तातलं छप्पर सोडायची वेळ आली की माणूस चावतो. आमची ही म्हणते, निवृत्त माणसाने बागेत फिरावं, तुम्ही आखाड्यात जाऊन बसलात. बरोबरच आहे तिचं. पण संस्थेला मसुदा लिहिणारा हवा होता, आणि मी चौतीस वर्षं मसुदेच लिहिले—माझ्या वाक्यावर कधी कोणी बोट ठेवलं नाही. एकदाच ठेवलं. ते या सात नंबरवाल्याने.

नियम नववा. पाठ आहे मला. ‘हाती घेतलेले काम चालू असेपर्यंत खोली कलावंताकडे राहील.’ कसं वाटतं? सुटसुटीत आहे ना? काम झालं की खोली रांगेतल्या पुढच्या माणसाला. समितीचं म्हणणं होतं, ‘कमाल दोन वर्षे’ घाला. घातलंही होतं. मग मीच काढलं. का म्हणजे—वाक्य अडखळत होतं हो! मोठ्याने वाचून बघा. ‘काम चालू असेपर्यंत, कमाल दोन वर्षे,’—खडा लागल्यासारखं होतं. सगळे घाईत होते, कोणी पाहिलं नाही. आणि ही गोष्ट तुम्ही बाहेर बोलू नका, ताई. समितीला अजून वाटतं, टंकलेखिकेची चूक.

तर सात नंबरला आला छिन्नीबुवा. नाव आम्हीच ठेवलेलं. दगडाचं काम, अर्जात लिहिलेलं—‘बसलेला माणूस’. दीड वर्षात होईल म्हणाला. अकरा वर्षं झाली! रोज एक टवका. एकच. सकाळी चहा प्यायचा, एक टवका उडवायचा, आणि मग दिवसभर माळ्यावर लोळत पडायचा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी तपासणीला जायचो, तो दगडावरचं फडकं काही काढायचा नाही, नुसती माझ्या रजिस्टरवर फुंकर मारायचा, पांढरी धूळ उडायची, आणि म्हणायचा, “लिहा भाऊसाहेब. चालू.” मी लिहायचो. काय करणार? माझंच वाक्य. खाली रांगेत तुमच्यासारखी माणसं, कोणी जिन्याखाली चित्रं काढतंय, कोणी लेकराला झोपवून स्वयंपाकाच्या ओट्यावर—आणि समितीत प्रत्येक वेळी सगळे माझ्याकडे बघणार. “काय भाऊसाहेब, चालू?” आणि हसणार.

कपाळाकडे बघताय? कालच टाके काढले. सात. अपघात झाला हो. दगड घसरला, त्याच्या उजव्या हातावर पडला, मला निसटता लागला. पोलिसांना हेच सांगितलं, तोही काही बोलला नाही. अकरा दिवस इस्पितळात आहे. बोटांचा चुरा झालाय, डॉक्टर म्हणाले, छिन्नी विसरा. म्हणून तर मी लिहून टाकलं—‘काम कायमचे थांबले.’ खोली रिकामी. नियमाप्रमाणे. किल्ली? एक माझ्याकडची, तीच तुमच्या हातात आहे. दुसरी त्याच्या खिशात असेल. मागायचं राहिलं.

दगड कसा घसरला? दोन माणसांएवढा दगड आपोआप कसा—हं. चित्रकार ना तुम्ही, बघायची सवय. तो चहापत्ती आणायला गेला होता. मी माझ्या किल्लीने आत गेलो, नियमात आहे ते, आणि फडकं उचललं. ताई, माझं थोबाड होतं ते! चष्मा कपाळावर, पेन कानाला, मांडीवर रजिस्टर, आणि तोंड अर्धवट उघडं—‘चालू’ म्हणताना असतं तसं. अकरा वर्षं! सगळ्या बिऱ्हाडांनी पाहिलं होतं, मी सोडून. आणि सांगू का? पूर्ण होतं. कधीचंच पूर्ण होतं. टवके तो पाठीमागून काढायचा, कुबड कमी करत आणलं होतं माझं.

म्हटलं, आपणच संपवू. हातोडा उचलला. पहिल्या घावात नाक. दुसऱ्यात तोंड. बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू, सगळी नोकरी मी कागदाला टाचणीसुद्धा जोरात टोचली नाही. मग तो आला. माझी मान धरली आणि कपाळ दगडावर आपटलं, माझ्याच तुटक्या नाकावर. एकदा, पुन्हा एकदा. डोळ्यांत रक्त. मी हातोडा फिरवला तेव्हा त्याने मला सोडलं आणि उजवा हात त्या तोंडावर ठेवला, लेकराच्या तोंडावर ठेवावा तसा. हातावर पहिला घाव चुकून बसला. दुसऱ्याचं मला आठवत नाही. तिसरा—

तिसरा मी बघून घातला.

असं उठू नका. किल्ली पडली बघा. माझ्या लिहिण्याने तुम्हाला खोली मिळतेय, ते बघा ना! चार वर्षं जिन्याखाली—थांबा.

थांबा जरा. गप्प.

नळवाला तर आज आलाच नाही. सकाळी निरोप पाठवला होता त्याने.

ऐकू येतंय? ठक्. मग थांबतंय. मग ठक्. नेम नाही लागत. डाव्या हाताचं आहे ते.

ते रजिस्टर द्या इकडे. आज पहिली तारीख आहे. आणि किल्ली टेबलावर ठेवा, ताई. भेंडोळं विसरू नका. जा तुम्ही. खोली रिकामी नाही.